यायलंय

आमच्याकडं एक काळ आहे, शाळेच्या व्याकरणात न शिकवलेला:
यायलंय.
पाहुणा यायलाय. एसटी यायलीय. लाईट यायलीय.
मार्चच्या क्लेमचे पैसे, रितिका मॅडम फोनवर सांगतात,
प्रोसेसमध्ये आहेत.
तौफिक विचारतो, काय म्हणली?
मी म्हणतो, यायलेत.

सेलूत, स्टेशन रोडला, पत्र्याच्या दुकानात
माझ्याकडं अकरा मेलेले कॉम्प्रेसर आहेत.
ते माझे नाहीत, कंपनीचे आहेत.
प्रत्येकाच्या गळ्यात सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
साहेब येऊन बघेपर्यंत फेकायचे नाहीत, विकायचे नाहीत.
भंगारवाला रोज थांबतो, त्यांच्याकडं बघतो, जातो.
लोकांचे फ्रीज बाहेर त्रेचाळीस डिग्रीत उभे,
मेलेल्यांना तेवढी सावली.

वालूरला शेवंताबाई डखांचा फ्रीज.
दह्याच्या कपांवर घर चालतं त्यांचं.
कंपनी पहिले आठ किलोमीटर मोजत नाही.
तेवढी गाडी हवेवर चालते, असं त्यांच्या कागदात असणार.
कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला,
बर्फाचा पहिला पापुद्रा धरेपर्यंत उंबऱ्यात बसलो.
किती झाले?
काही नाही मावशी, गॅरंटीत आहे.
मावशीनं फ्रीजकडं बघितलं, मग माझ्याकडं.
फुकटचं काम धड असतं का, असं ते बघणं.

गॅस फुकट नव्हता.
जालन्याला बाकलीवाल शेठ सिलिंडर रोखीनं देतात.
'उधार बंद'ची पाटी त्यांनी लावलेली नाही,
ते नुसतं चष्म्यावरून बघतात.

क्लेम एकदा परत आला: सिरीयल नंबरचा फोटो अस्पष्ट.
पुन्हा वालूर, पुन्हा पेट्रोल.
फ्रीज भिंतीपासून ओढला तर मागं पाल होती, आणि नंबर.
दुसऱ्यांदा परत आला: ग्राहकाची सही चौकटीबाहेर.
आता मॅडमला कसं सांगू,
मावशी पन्नाशीत सही शिकली.
तिला जागा लागते.

मी बसवलेल्या पार्टची जबाबदारी माझी, नव्वद दिवस.
त्याचे पैसे द्यायची मुदत त्यांची, एकशे वीस,
आणि ते दिवस क्लेम पास झाल्यापासून.
मी हिशोब मांडून बघितला दोनतीनदा.
तौफिक म्हणाला, भाऊ, पेन ठेवा.

ऑगस्टात मोबाईल वाजला. चारशे बारा रुपये जमा.
कशाचे, तेच कळेना.
वही काढली, बोट फिरवत मागं गेलो.
वालूर, एकोणीस मार्च.
नवलाची गोष्ट अशी की त्याच आठवड्यात
मावशीचा फोन: थंड धरेना गेलाय.

आधी मी काय विचारलं?
आवाज येतो का, लाईट लागते का, हे नाही.
विचारलं, बिलावरची तारीख वाचा.
जूनमधेच संपली होती गॅरंटी.
आणि मला बरं वाटलं.
दुसऱ्याचा फ्रीज बंद पडलाय, आणि मला बरं वाटलं.
हे तौफिकला सांगितलं नाही.

थर्मोस्टॅट गेला होता. अर्ध्या तासाचं काम.
आता किती? मावशीच्या आवाजाला या वेळी धार.
साडेसहाशे.
एवढे? साधं बटण तर बदललंत.
पाचशेवरून भांडली, सहाशेवर थांबली,
डब्यातून नोटा काढल्या, आंबूस वासाच्या,
दोनदा मोजून हातावर ठेवल्या.
कुणाला फोटो पाठवायचा नव्हता.
वर दोन कप दही दिलं, माझ्या कामावर तिचा
पहिल्यांदाच विश्वास बसल्यासारखं.

संध्याकाळी तौफिकला त्यातले चारशे दिले.
दही त्यानं तिथंच खाल्लं, एका सुतळीवाल्या कॉम्प्रेसरवर बसून.
मी म्हणालो, उतर, तो कंपनीचा आहे.
तो उतरला नाही.
राहिलेल्या पगाराचं मी काही बोलायच्या आत
बोट चाटत तोच म्हणाला,
यायलाय.